वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या डोंगरउतारांवर, गाड्यांशिवाय, सायकलवर

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की या उन्हाळ्यात इंग्लंडमधे कोणकोण सायकल चालवणार आहे, आणि अडचण काय वाटते ते कळवा. एवढे प्रश्न आले की सगळे छापणं शक्यच नाही. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, खेडीपाडी बघायचीत, ते हिरवे चढउतार बघायचेत, पण गाड्यांची भीती वाटते. त्यातले निवडक घेतलेत, एकसारखे दोन-तीन होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, पुण्याचा, सध्या मुलाकडे रेडिंगला आलोय. नोकरीत असताना रोज सायकलवर कंपनीत जायचो, त्यामुळे सवय आहे, पण आता मधे बरीच वर्षं गेली. मुलगा म्हणतो बाबा इथे खेड्यातले रस्ते अरुंद आणि गाड्या सुसाट, शिवाय चढ इतके की गुडघे बोलायला लागतील. तो उगाच घाबरवतोय का?

उत्तर : काका, मुलगा खरंच सांगतोय पण अर्धंच सांगतोय. गावाबाहेरच्या साध्या, दुभाजक नसलेल्या रस्त्याला तिथे ताशी ६० मैल लिमिट असतं, म्हणजे आपल्या हिशोबाने ९६ किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं झुडपांचं कुंपण, वळणावर समोरचं काही दिसत नाही. चढांचंही तेच, जुने रस्ते टेकडीला वळसा घालत नाहीत, सरळ अंगावर चढतात आणि पलीकडे तसेच कोसळतात.

पण रेल्वेला असं चढता येत नव्हतं ना. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून त्या लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी टेकड्या कापल्या, दऱ्यांवर पूल बांधले, जिथे काहीच जमेना तिथे बोगदे पाडले, आणि सगळ्या उंचसखल मुलखातून एक जवळजवळ सपाट पट्टी काढली. पुढे १९६३ ला ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉक्टर बीचिंग यांचा रिपोर्ट आला, त्यात जवळपास ५००० मैलांचे मार्ग आणि २३६३ स्टेशनं बंद करा असं होतं, सगळंच काही बंद झालं नाही पण बरंच झालं. रूळ उचलले, पट्टी राहिली. तीच आता सायकलवाल्यांच्या कामाला येते. तुमच्या गुडघ्यांची सोय व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंजिनियरांनी करून ठेवलीय असं समजा.

तुमच्यासाठी पहिला रस्ता मी ब्रिस्टल ते बाथचा सांगेन, दुसरा विचारच करू नका. २१ किलोमीटर, पूर्ण डांबरी, रुंद, आणि गाडी एकही नाही. ब्रिस्टलच्या काही सायकलप्रेमींनी १९७७ मधे संघटना काढली, १९७९ ते ८६ या काळात हा रस्ता तयार झाला, आणि त्याच संघटनेची पुढे सस्ट्रान्स झाली जिने देशभर नॅशनल सायकल नेटवर्क, म्हणजे नंबर दिलेल्या सायकलमार्गांचं जाळं, उभं केलं. (तिचं नाव आता वॉक व्हील सायकल ट्रस्ट केलंय, पण लोक अजून सस्ट्रान्सच म्हणतात, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.) रेडिंगहून बाथला थेट ट्रेन आहे, तासाभरात पोचता. स्टेशनपासून नदीकाठाने थोडं पुढे गेलं की हा रस्ता सुरू होतो. एकदम ब्रिस्टल गाठायची जिद्द धरू नका, साधारण निम्म्यावर बिटन नावाचं जुनं स्टेशन लागतं, तिथे हौशी लोकांनी वाफेची गाडी चालू ठेवलीय, प्लॅटफॉर्मवर बसून चहा प्यायचा, इंजिन चालू असेल तर बघायचं आणि मागे फिरायचं. मुलालाही न्या, त्याची भीती तिथेच जाईल.

दम टिकला तर दुसऱ्या दिवशी बाथमधलाच टू टनेल्सचा रस्ता करा. त्यातला कूम डाउन बोगदा १६७२ मीटर लांब आहे, आत दिवे आहेत आणि मधल्या भागात चक्क संगीत लावलेलं असतं. आत गारठा असतो, बाहेर घाम आला असला तरी जॅकेट जवळ ठेवा. बाहेर पडून पुढे केनेट-एव्हन कालव्याच्या काठाने परत बाथला आलं की साधारण २१ किलोमीटरची फेरी होते, त्यात थोडा भाग साध्या रस्त्यावरून आहे, पण तो दमवणारा नाही.

एक मात्र आधीच सांगते, नंतर म्हणाल सांगितलं नाही. रेल्वेची पट्टी जिथे टेकडी कापून जाते तिथे दोन्ही बाजूंना फक्त मातीची भिंत आणि झाडं, अर्धा अर्धा तास नजारा म्हणून काही दिसत नाही. मग एकदम पट्टी भरावावर येते आणि सगळं खोरं खाली पसरलेलं दिसतं. सगळीकडे कॅलेंडरवरचं चित्र दिसेल अशा हिशोबाने गेलात तर नाराज व्हाल.

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला असतो, मुलं ५ आणि ९ वर्षांची. मोठीला सायकल येते, धाकट्याला अजून धड येत नाही. पार्कमधे फेऱ्या मारून कंटाळा आला. एका दिवसात होईल असं काही?

उत्तर : ताई, तुमच्या अगदी दारात पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ नॅशनल पार्क आहे, आणि त्यात मॉन्साल ट्रेल. साडेआठ मैल, म्हणजे १३-१४ किलोमीटर, बेकवेलपासून चीडेल खोऱ्यातल्या ब्लॅकवेल मिलपर्यंत. ही जुनी रेल्वेलाइन १९६८ मधे बंद झाली, पट्टी चालणाऱ्यांना मिळाली, पण मधले मोठे चार बोगदे बंदच होते त्यामुळे लोकांना दर थोड्या वेळाने टेकडी चढून उतरावं लागायचं. २०११ च्या मे महिन्यात ते बोगदे उघडले, आत दिवे लावले आणि तेव्हापासून ही लहान मुलांना घेऊन जायला फार सोपी जागा झाली.

गाडीने जाणार असाल तर हॅसॉप स्टेशनपाशी लावा, तिथे सायकली भाड्याने मिळतात, कॅफे आहे. भाड्याने घेताना धाकट्यासाठी टॅग-अलाँग मागा, म्हणजे मोठ्या सायकलला मागे जोडलेली एकचाकी अर्धी सायकल, त्याला पेडल मारल्याचं समाधान मिळतं आणि तोल तुमच्याकडे राहतो. दमून झोपणारा असेल तर मागे ओढायची ट्रेलर बरी. सुट्टीच्या दिवशी आधी बुक करा, नाहीतर ट्रेलर हमखास संपलेल्या असतात आणि मग रडारड.

दिशेचं सांगते. हॅसॉपहून पश्चिमेला जाताना पट्टी हळूहळू चढते, डोळ्याला कळत नाही पण पायांना कळतं. म्हणजे आधी चढ आणि येताना उतार, मुलांसोबत हाच क्रम ठेवा. मिलर्स डेल स्टेशनपर्यंत जा, तिथेही कॅफे आहे, शेजारी चुन्याच्या जुन्या भट्ट्या आहेत त्यांच्या भिंती बघून मुलं किल्ला किल्ला म्हणतात. तिथून परत फिरलात तरी काही चुकलं नाही. ट्रेनने बक्स्टनला उतरून जायचा विचार असेल तर जरा थांबा, बक्स्टनपासून ट्रेलच्या टोकापर्यंत यायला मधे ए-सिक्स हा वाहता रस्ता आहे, मुलांना घेऊन तिथे मी जाणार नाही.

बोगदे चारशे मीटरच्या आसपासचे आहेत. हेडस्टोन बोगद्यातून जाताना वरून टपटप पाणी पडतं, आपलाच आवाज घुमून मागे येतो, मुलं ओरडायला लागतात, ओरडू द्या, सगळ्यांचीच ओरडतात. गॉगल मात्र आधी काढायला लावा. आणि बाहेर पडल्या पडल्या एकदम पूल आहे, मॉन्सालचा व्हायाडक्ट, खाली वाय नदी. सगळा घोळ तिथेच होतो, कारण अंधारातून उजेडात आलेला माणूस तो नजारा बघून जिथल्या तिथे सायकल थांबवतो आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळतो. मुलीला आधीच सांगून ठेवा, बोगद्यातून बाहेर आलं की कडेला व्हायचं आणि मगच थांबायचं. दिवे रात्री बंद होतात, त्यामुळे संध्याकाळ करू नका.

हा पूल झाल्यावर लेखक जॉन रस्किन यांनी फार आदळआपट केली होती, एवढं देखणं खोरं नासवलंत, कशासाठी, तर बक्स्टनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेलला आणि तिकडच्यांना इकडे येता यावं म्हणून. गांधीजींच्या सर्वोदयाच्या विचारामागे ज्यांचं लिखाण होतं तेच हे रस्किन. आता त्याच पुलाला वारसा म्हणून संरक्षण आहे आणि लोक त्याचाच फोटो काढायला येतात. पुढे लिटन आणि क्रेसब्रुकच्या जुन्या कापूस गिरण्या दिसतात. लिटनच्या गिरणीत अनाथ पोरांना राबवून घ्यायचे, त्याची फार बदनामी झाली होती. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायला हरकत नाही.

हे आवडलं तर पुढच्या वेळी टिसिंग्टन ट्रेल, ॲशबर्नपासून ‘पार्स्ली हे’ या ठिकाणापर्यंत १३ मैल, पण ॲशबर्नहून निघालं की चढच चढ आहे, त्यामुळे मुलांसोबत ‘पार्स्ली हे’हून सुरू करून जमेल तेवढं उतरा आणि परत चढायचंय हे लक्षात ठेवून वेळेत वळा.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे चौघे मित्र, वय चाळिशीच्या आसपास, लडाख केलंय. जूनमधे दहा दिवस इंग्लंडला येतोय. पूर्ण ट्रॅफिक-फ्री असा, सामान लादून आठवडाभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा रूट हवाय. नेटवर्कचे नंबर बघितले तर सगळा देश जोडलेला दिसतो.

उत्तर : मित्रांनो, असा रूट नाही. स्पष्टच सांगितलेलं बरं. नॅशनल सायकल नेटवर्कचा निळा बोर्ड आणि लाल चौकोनात पांढरा नंबर दिसला म्हणजे गाड्या नाहीत हा सगळ्यात कॉमन गैरसमज आहे, खरं तर त्या नेटवर्कचा निम्म्याहून जास्त भाग साध्या रस्त्यांवरूनच जातो, त्यातले बरेच शांत आहेत, काही अजिबात नाहीत. २०२० मधे तर बऱ्याच लांबीचे रस्ते नेटवर्कमधून काढूनच टाकले, सायकलला योग्य नाहीत म्हणून. जुने नकाशे घेऊन येऊ नका.

गाड्यांशिवायचं इंग्लंड तुकड्यातुकड्यांत आहे. पंधरा किलोमीटर इथे, चाळीस तिथे, मधे गाव, मधे शेतरस्ता. आठवडाभराची एक सलग रेघ काढायचा हट्ट सोडलात की ट्रिप एकदम सुधारते. माझ्या मते तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत.

एक, लडाखवाले आहात तर सी-टू-सी करा. पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनहून सुरू करून पूर्वेला टाइनमथ किंवा संडरलंड, साधारण १४० मैल, म्हणजे २२५ किलोमीटर, १९९४ मधे सुरू झालेला रूट आहे. निघताना मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं नॉर्थ सीमधे, अशी पद्धत आहे. पश्चिमेकडूनच निघा, वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो. केझिक ते थ्रेलकेल्डचा रेल्वेमार्गाचा तुकडा तर डोळे भरून बघण्यासारखा, नदीवर पुलामागून पूल, २०१५ च्या डिसेंबरातल्या डेझमंड वादळात त्यातले काही वाहून गेले होते, पाच वर्षांनी सगळं परत उघडलं. पेनिन्स डोंगरात हार्टसाइडचा चढ आहे, माथा ५८० मीटरवर, तुम्हाला आकडा ऐकून हसू येईल पण खाली समुद्रसपाटीपासून निघालेले असता आणि वर वारा असा असतो की लडाखची आठवण येईल. त्या दिवसांत तुम्ही गाड्यांच्या रस्त्यावर असणार हे धरून चाला. शेवटी कॉन्सेटच्या बाजूला वास्करली वे नावाची रेल्वेपट्टी लागते, ओसाड माळावरून लांबच लांब उतरत जाणारी, तिथे मागचे सगळे चढ वसूल होतात.

दोन, आणि मी असते तर हेच केलं असतं, नॉर्थ डेव्हनमधे एकाच ठिकाणी मुक्काम टाका, सामान खोलीवर ठेवा आणि रोज हलक्या सायकलवर बाहेर पडा. बार्नस्टेपलला एक्सेटरहून ट्रेन येते आणि स्टेशनला लागूनच टार्का ट्रेल आहे. नाव एका कादंबरीतल्या पाणमांजराचं. ब्रॉन्टनपासून मीथपर्यंत सुमारे ३० मैल, ४८ किलोमीटर, आणि सलग गाड्यांशिवाय, इंग्लंडमधे एवढा सलग तुकडा मिळणं म्हणजे चैन आहे. सुरुवातीला खाडीच्या कडेने जातो, ओहोटी असेल तर सगळी चिखलाची मैदानं उघडी पडलेली, पक्षी चोची खुपसत फिरत असतात, बोटी एका कुशीवर आडव्या. ‘फ्रेमिंग्टन की’ या धक्क्यावर कॅफे आहे. बिडफर्ड सोडलं की खाडी संपते, दुसराच मुलूख सुरू होतो, झाडी, टॉरिज नदी, पूल, माणसं एकदम कमी. बहुतेक लोक बिडफर्डहून परत फिरतात, तुम्ही फिरू नका.

तिथून एखादा दिवस काढून कॉर्नवॉलला कॅमल ट्रेलवर जाता येतं, पॅडस्टो, वेडब्रिज, बॉडमिन करत वेनफर्डब्रिजपर्यंत २८ किलोमीटरच्या आसपास. पॅडस्टो ते वेडब्रिज हा खाडीकाठचा भाग प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच गर्दीचा, ऑगस्टमधे तर नकोच वाटतो, कुत्री, मुलांच्या ट्रेलर, आइस्क्रीम सांडलेली पोरं. जूनमधे सकाळी लवकर गेलात तर ठीक. बॉडमिनच्या पुढे झाडीतला भाग निवांत.

आणि हे तुकडे आपणच डेव्हनमधल्या लेन्सनी, म्हणजे अरुंद गावरस्त्यांनी, जोडून टाकू असं डोक्यात असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी संस्थेचा नकाशा घ्या आणि रस्त्यावर छोटे बाण शोधा. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याच्याही वर. सामान लादून दोन बाणांचा रस्ता चढवायचा म्हणजे सायकल ढकलायची, त्यात लाज नाही, पण रोज नको.

प्रश्न : शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर सायकल घातली तर कोणी अडवतं का? (हा बऱ्याच जणांनी विचारलाय.)

उत्तर : फुटपाथ असा बोर्ड असेल तर ती चालणाऱ्यांची वाट, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. ब्रायडलवे, म्हणजे घोड्यांसाठीची वाट, असेल तर चालते, १९६८ च्या कायद्याने परवानगी आहे, पण पायी चालणारे आणि घोडेवाले दोघांना आधी जाऊ द्यायचं. ब्रायडलवे बघून हुरळून जाऊ नका मात्र, नावाला वाट असते, पावसानंतर घोड्यांच्या टापांनी तिचं पार राडं झालेलं असतं आणि सुकलं की त्याच खड्ड्यांवरून हाडं खिळखिळी. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, गुरं असतात. कालव्याकाठच्या टोपाथवर बऱ्याच ठिकाणी सायकल चालते, पण तिथे हळू जायचं, पुलाखाली वाट अरुंद होते आणि समोरचा दिसत नाही, आधी घंटी मारा. घोडा दिसला तर मात्र घंटी नको, तो बुजतो, लांबूनच तोंडाने हॅलो म्हणा आणि रुंद अंतर ठेवून जा.

प्रश्न : आईला (५९) सोबत यायचंय पण तिला दम लागतो. ई-बाइकला लायसन्स लागतं का? हेल्मेट सक्तीचं आहे का?

उत्तर : २५० वॉटपर्यंतची, पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि २५ किलोमीटरच्या स्पीडला मदत बंद होणारी ई-बाइक असेल तर लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, वय फक्त १४ किंवा त्याहून जास्त हवं. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र कायद्यानेच लागतो. आईला द्यायच्या आधी दुकानाबाहेर चढणं-उतरणं दहा वेळा करायला लावा, या सायकली जड असतात आणि अडचण चालवण्यात नसते, थांबताना असते. खाली दांडी असलेली, स्टेप-थ्रू मागा, म्हणजे पंजाबी ड्रेसमधेही अडचण नाही, ओढणी तेवढी घरी ठेवायला सांगा.

प्रश्न : शाकाहारी आहोत. वाटेत खायचं काय? डबा न्यावा का?

उत्तर : न्या की. ठेपले, दशम्या, भाकरी-चटणी, काहीही, बाकावर बसून खायला कोणी बघत नाही. पण तिथलंही खा. चीज-अनियन पॅस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजीच, जवळपास सगळीकडे मिळते. डेव्हन-कॉर्नवॉलला क्रीम टी घ्या, म्हणजे स्कोन नावाचा छोटा केकसारखा पाव, जॅम, घट्ट साय आणि चहाची किटली, डेव्हनवाले आधी साय लावतात आणि कॉर्नवॉलवाले आधी जॅम, आणि यावरून खरोखर वाद घालतात. बेकवेलचं पुडिंग अंड्याचं असतं, अंडं चालत नसेल तर सोडा, स्कोनमधेही कधीकधी अंडं असतं तेव्हा विचारून घ्या. गावातले कॅफे चार-साडेचारला खुर्च्या उलट्या करायला लागतात, उन्हाळ्यात सूर्य नऊनंतर मावळतो म्हणून आपण रमतगमत जातो आणि पोचतो तेव्हा दार बंद. पाण्याची बाटली भरून ठेवा.

प्रश्न : कुठल्या महिन्यात यावं? आणि आपली पातळ टायरची रोडबाइक चालेल का?

उत्तर : मे आणि जून. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेलचा निळा सडा असतो, मेमधे कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर. सप्टेंबरमधे गर्दी कमी व्हायला लागते आणि ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात, रस्त्याकडेच्या तोडून खा, पण हात घालताना नेटल बघा, ही आपल्या खाजकुइलीची बहीणच आहे, अर्ध्या चड्डीत सायकल लावायला कडेला गेलात की पिंढऱ्या पेटतात. पावसाचं विचारू नका, तो कुठल्याही महिन्यात येतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही, भुरभुर चालू राहतो, हलकं रेनजॅकेट पुरतं.

रोडबाइक ब्रिस्टल-बाथला चालेल, तिथे डांबर आहे. मॉन्साल, टिसिंग्टन, कॅमलवर बारीक खडी दाबून बसवलेली आहे, तिथे ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्या आणि मडगार्ड असलेली सायकल घ्या, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कॅफेत शिराल. विमानातून स्वतःची सायकल आणायच्या भानगडीत आठवड्याच्या ट्रिपसाठी पडू नका, भाड्याने घ्या. आणि ट्रेनमधे न्यायची असेल तर लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, ती फुकट असते पण मोजकी असते, तिकीट काढतानाच सायकलचंही बुकिंग करून टाका. घडीच्या सायकलला हे काही लागत नाही.